पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या

मुंबई उत्तर-पश्चिम, लोकसभा २०२४. यंत्रांतली मते अशी: अमोल कीर्तिकर ४,५१,०९५, रवींद्र वायकर ४,५१,०९४. दोघांची मिळून नऊ लाखांवर मते आणि फरक एका मताचा. टपाली मते: कीर्तिकर १,५०१, वायकर १,५५०. बेरीज केली की वायकर ४८ मतांनी विजयी.

त्यानंतर कित्येक दिवस चर्चा चालली ती मोजणी केंद्रातल्या एका मोबाइलची आणि ‘ओटीपी टाकून ईव्हीएम उघडले’ या बातमीची. ईव्हीएमला ओटीपी लागत नाही, त्याला फोन जोडायची सोयही नाही. ओटीपी लागतो तो आकडे भरण्याच्या आणि सैनिकांच्या टपाली मतपत्रिकांच्या संगणक प्रणालीला. निकाल फिरला तो कागदावरच्या मतांनी, लिफाफ्यातून आलेल्या. टपाली मते बाद कोणत्या कारणाने ठरली, ती पुन्हा कुणासमोर तपासली, फेरमोजणी मागायला उमेदवाराला किती वेळ मिळाला, हे विचारायचे प्रश्न होते. ते वर्तमानपत्रांत चौथ्या-पाचव्या परिच्छेदात राहिले. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती नेमक्या जागी घ्यावी, एवढ्यासाठी ही टिपणे.

*

निवडणूक ड्यूटी केलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला, बँकेतल्या कारकुनाला विचारा: दिवसातला सगळ्यात धास्तीचा वेळ कोणता? संध्याकाळची गर्दी नव्हे, पहाटेचा मॉक पोल. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी पोलिंग एजंटांसमोर किमान ५० मते टाकून दाखवायची. एजंट आलेच नाहीत तर पंधरा मिनिटे वाट पाहायची. कुणाला किती मते दाबली हे कागदावर लिहायचे, मग क्लोज, रिझल्ट, आणि यंत्रातला आकडा कागदाशी ताडायचा. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून मोजायच्या, त्याही जुळल्या पाहिजेत. मग क्लिअर. या तीन बटणांना सगळे ‘सीआरसी’ म्हणतात आणि प्रशिक्षणात हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की झोपेतही आठवावेत. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या जाड पाकिटात सील करायच्या. मग हिरव्या पेपर सीलवर एजंटांच्या सह्या.

रात्र शाळेच्या वर्गात बाकावर काढलेली असते. साहित्य वाटपाच्या ठिकाणी आदल्या दिवशी उन्हात तासन्‌तास उभे राहिलेले असते. अशा माणसाच्या हातून क्लिअर राहून जाऊ शकते, चिठ्ठ्या पेटीत राहून जाऊ शकतात. आंध्र प्रदेशातल्या मैदुकूर मतदारसंघात २०१९ मध्ये एका केंद्रावर यंत्रातली मते आणि चिठ्ठ्या यांत १४ चा फरक निघाला. निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिलेले कारण: मॉक पोलची नोंद पुसायची राहिली होती.

कारण पटण्यासारखे आहे. पण फरक निघाला, कारण सापडले आणि नोंदले गेले, ते त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या म्हणून. न मोजलेल्या पेट्यांत असे किती आहे, ते आपण कुठल्या आधारावर सांगणार?

*

मतदान यंत्राचा पहिला प्रयोग केरळातला. पारूर विधानसभा, मे १९८२, पन्नास केंद्रांवर यंत्रे. सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला की कायद्यात मतपत्रिकेची तरतूद आहे, यंत्राची नाही, तेव्हा यंत्राने घेतलेले मतदान अवैध. त्या पन्नास केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झाले आणि जोस निवडून आले. संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातले ते त्यानंतर, १९८८ मध्ये.

यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न न्यायालयाने मुख्य धरलाच नाही. कुठल्या कायद्याने, एवढेच विचारले.

*

जुने दिवस परत यावेत असे मला वाटत नाही. शिक्के मारून गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत कोंबायचे, पेटीत शाई ओतायची, आणि हजारो मते ‘शिक्का दोन रकान्यांच्या रेषेवर’ म्हणून बाद व्हायची. यंत्रावर बूथ ताब्यात घेतले तरी भराभर मते टाकता येत नाहीत, दर मतामागे अधिकाऱ्याला बॅलट बटण दाबावे लागते. गडबड दिसताच केंद्राध्यक्ष क्लोज दाबून मतदान थांबवू शकतो. हे मोठे काम झाले आहे आणि ते नाकारणारा माणूस बूथवर कधी बसलेला नाही.

*

संशय कुणाचा? हरलेल्याचा, आणि पक्ष बदलत गेले. २००९ च्या पराभवानंतर भाजपचे लालकृष्ण अडवाणी यांनी यंत्रांवर शंका घेतली, त्यांच्याच पक्षाच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी २०१० मध्ये त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. तेव्हा यंत्रांची बाजू सत्तेतली काँग्रेस घेत होती. व्हीव्हीपॅट सक्तीचे करणारा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवरचा. आज शंकेखोर आणि समर्थक यांनी जागा बदलल्या आहेत.

यावरून ‘हरले की रडतात’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. जिंकलेल्याला मोजणी पटवून द्यावी लागत नाही. मोजणीची सगळी मांडणी, एजंट, सह्या, सील, नमुने, हरणाऱ्या माणसासाठीच असते. त्याला घरी जाताना ‘हरलो, पण मोजले बरोबर’ असे म्हणता आले पाहिजे. तो रडतो आहे असे म्हणून आपण त्याला घालवून देतो, तेव्हा त्याच्यामागच्या हजारो मतदारांनाही घालवून देतो.

*

चिठ्ठी सात सेकंद दिसते. काचेआड दिवा लागतो, क्रमांक, नाव, चिन्ह, आणि ती कापली जाऊन पेटीत पडते. बहुतेक लोक बटण दाबून वळलेले असतात. म्हाताऱ्या माणसांना वाकून बघावे लागते आणि बघेपर्यंत दिवा गेलेला असतो.

आणि चुकीचे चिन्ह दिसले तर? नियम ४९-एमए. मतदाराने केंद्राध्यक्षाकडे लेखी प्रतिज्ञापन द्यायचे, मग सर्वांसमोर चाचणी मत टाकायचे. चाचणी मतात चिठ्ठी बरोबर निघाली तर तक्रार खोटी, आणि खोट्या प्रतिज्ञापनाबद्दल शिक्षा होऊ शकते. पहिल्या वेळी काय दिसले याचा पुरावा त्या मतदाराकडे काहीच नसतो. मी मतदार असतो तर तक्रार केली असती का, हे मी स्वतःला विचारून पाहिले आहे. सही करायच्या आधी शिक्षेचा परिच्छेद वाचून हात थांबला असता. निर्ढावलेला माणूस असा अर्ज करील, प्रामाणिक माणूस कचरेल. हा नियम बदलला पाहिजे.

*

मोजणीच्या सभागृहात एका कोपऱ्यात जाळी लावलेला कप्पा असतो, जुन्या बँकेतल्या रोखपालाच्या पिंजऱ्यासारखा. तिथे चिठ्ठ्या मोजतात. यंत्रांची मोजणी संपत आली की केंद्रांचे क्रमांक लिहिलेली कार्डे डब्यात टाकून हलवतात आणि पाच काढतात. विधानसभेच्या एका मतदारसंघामागे पाच केंद्रे. २०१९ च्या एप्रिलपर्यंत एकच होते. चंद्राबाबू नायडू आणि इतर विरोधी पक्षांनी निम्मी केंद्रे मागितली होती, सर्वोच्च न्यायालयाने पाच दिली.

निवडलेल्या केंद्राच्या चिठ्ठ्या जाळीआड टेबलावर ओततात. थर्मल कागद, किंचित वळलेला. चिन्हाप्रमाणे वेगळ्या करून खणांत टाकतात, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. तासाभराचे काम. तोवर गुलाल उधळून झालेला असतो, बाहेर जेसीबीवरून फुले पडत असतात आणि सभागृहातले बरेचसे एजंट निघून गेलेले असतात. जाळीसमोर उभे राहून प्रत्येक चिठ्ठी पाहणारा एजंट नेमला पाहिजे, हे पक्षांच्या ध्यानात येत नाही. हरणारा उमेदवार दुपारीच माणसे बोलावून घेतो. शंका दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत येते.

*

पाच पुरेत का? गणित कागदावर करून पाहिले.

एका विधानसभा मतदारसंघात ३०० केंद्रे धरा. त्यांतल्या तीन यंत्रांत गडबड आहे. पाच चिठ्ठीने निवडली तर त्या तिन्हींपैकी एक तरी सापडण्याची शक्यता साधारण ५ टक्के. तीस यंत्रांत गडबड असेल तर सुमारे ४१ टक्के. म्हणजे दहातले एक यंत्र बिघडलेले असूनही निम्म्याहून अधिक वेळा तपासणी स्वच्छ येईल.

आता उलट बाजू. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला २८८ गुणिले ५, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. आयोगाने सांगितले, एकातही फरक नाही. राज्यभरातल्या सुमारे एक लाख केंद्रांपैकी एक टक्का, म्हणजे हजारभर यंत्रांत यंत्र आणि चिठ्ठी यांत तफावत असती, आणि निवड खरोखर डोळे झाकून झाली असेल, तर १,४४० मध्ये एकही न सापडणे जवळजवळ अशक्य होते. राज्यभर यंत्रे फिरवली म्हणणाऱ्यांनी या आकड्याला उत्तर दिले पाहिजे. मला आजवर समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही.

दोन्ही खरे आहे. पाचाची चाळण राज्याच्या पातळीवर बारीक आहे, एका मतदारसंघाच्या पातळीवर फार ढोबळ. आणि निवडून येतो तो एका मतदारसंघातून. पन्नास हजारांनी जिंकलेल्या जागेला पाच आणि पन्नास मतांनी जिंकलेल्या जागेलाही पाच, यात तर्क नाही. ४८ मतांचा निकाल एका यंत्रातली २५ मते इकडची तिकडे झाली तरी फिरतो. मताधिक्य कमी तितके नमुने जास्त, आणि अगदीच कमी असेल तर सगळ्या चिठ्ठ्या, असा साधा नियम करता येतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून याच तत्त्वावर निकालानंतर कागदी मतांचे लेखापरीक्षण होते.

आणखी एक भोक. नियम ५६-डी सांगतो की यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा अंतिम. पण तो त्या केंद्रापुरता. पाचात एक चुकले तर उरलेल्या २९५ चे काय, यावर नियम गप्प आहे.

*

मारकडवाडी, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. विधानसभा २०२४ मध्ये उत्तम जानकर निवडून आले, पण या गावात त्यांना ८४३ आणि राम सातपुते यांना १,००३ मते. आमच्या गावात असे होणे शक्य नाही, म्हणत लोकांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान रद्द झाले, गुन्हेही दाखल झाले.

असे गावचे मतदान कायदेशीर नव्हते, गुप्त राहिले नसते, आणि दोन आठवड्यांनी त्याच माणसाने तेच मत दिले असते याची खात्री नाही. हे मान्य. तरी आपल्याच मताची खात्री करू पाहणाऱ्या माणसांना पोलीस बंदोबस्त दाखवणे मला फार लागले. त्या गावच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या तेव्हा सील होऊन पडलेल्या होत्या. त्या गावासमोर मोजल्या असत्या तर दुपारपर्यंत वाद मिटला असता, या बाजूने किंवा त्या बाजूने. निकालानंतर चिठ्ठ्या उघडायच्या तर न्यायालयाचा हुकूम लागतो. हुकूम मिळवायला निवडणूक याचिका, आणि याचिकेला वर्षे.

मारकडवाडीचे आकडे मारकडवाडीला कळले कसे, हेही नोंदवण्यासारखे आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांची मते मिसळून मोजत, म्हणजे गावाने कुणाला दिले ते उघड होत नसे. यंत्राने ते आवरण काढून घेतले. आज प्रत्येक पुढाऱ्याच्या हातात बूथनिहाय यादी असते आणि कुठल्या वस्तीने ‘काम केले नाही’ हे त्याला ठाऊक असते. यावर अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा उपाय आयोगाने २००८ मध्ये सुचवला, विधी आयोगाने २०१५ मध्ये शिफारस केली. तो बासनात आहे. शंकानिरसनासाठी बूथचे आकडे हवेत आणि गुप्ततेसाठी नकोत. या पेचातून चांगली वाट मला अजून दिसलेली नाही.

*

बेल्जियम, स्कारबेक, २००३. एका महिला उमेदवाराला संगणकावरच्या मतदानात ४,०९६ मते जास्त पडली. शक्य होती त्याहून जास्त, म्हणून लक्षात आले. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, संगणकाच्या स्मृतीतली एक खूण शून्याची एक झाली होती. लबाडी नव्हे, हॅकर नव्हे. आकडा शक्यतेच्या आत राहिला असता तर?

*

जर्मनी. उलरिश विस्नर आणि त्यांचे वडील योआखिम यांनी २००५ च्या निवडणुकीतल्या नेडॅप मतदान यंत्रांविरुद्ध तक्रार केली. ३ मार्च २००९ ला तिथल्या घटना न्यायालयाने यंत्रांचा तो वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणूक रद्द केली नाही, कारण चूक झाल्याचा पुरावा नव्हता. तत्त्व मात्र मांडले: मतदान आणि मोजणी यांतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळून पाहता आले पाहिजेत.

आपल्याकडची यंत्रे नेडॅपपेक्षा वेगळी आहेत, कशालाही न जोडलेली आहेत आणि आपल्याकडे चिठ्ठी आहे. म्हणजे जर्मन न्यायालयाने मागितलेली गोष्ट आपल्या पेट्यांमध्ये पडून आहे. ती बाहेर काढून मोजायचे तेवढे राहिले आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी शंभर टक्के मोजणी नाकारली, पण चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का, चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, ते तपासावे असे आयोगाला सुचवले. बँका नोटा मोजतात. हे होण्यासारखे आहे.

*

त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एक हक्क दिला: सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम असलेली चिप, तपासून घ्यायचा. २०२४ मध्ये फी होती एका संचाला ४० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ४७,२००. अहमदनगरला हरलेले भाजपचे सुजय विखे पाटील यांनी ४० केंद्रांसाठी अर्ज केला. हिशेब करा, जवळपास १९ लाख. अपक्ष उमेदवाराने, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याने हे पैसे कुठून आणायचे? गडबड सापडली तर फी परत, हे खरे. पण पैसे आधी लागतात.

*

२८ मे २०१८, भंडारा-गोंदिया पोटनिवडणूक. विदर्भातला मे महिना, आणि व्हीव्हीपॅट एकामागून एक बंद पडत गेली. दोन दिवसांनी ४९ केंद्रांवर फेरमतदान. रोवणीआधीच्या दिवसांत मजुरी सोडून रांगेत उभा राहिलेला माणूस यंत्र बंद म्हणून परत जातो, तो दुसऱ्यांदा येतोच असे नाही. यंत्राची सचोटी म्हणताना हेही धरले पाहिजे.

*

२० नोव्हेंबर २०२४, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५. यावर इतके लिहिले गेले आणि उत्तर इतके साधे आहे: नमुना १७ सी. मतदान संपले की केंद्राध्यक्ष टोटल बटण दाबून एकूण आकडा लिहितो, सही करतो आणि प्रत एजंटाला देतो. आयोगाने सगळ्या केंद्रांचे हे कागद स्कॅन करून लोकांसमोर ठेवावेत. मे २०२४ मध्ये न्यायालयात आयोगाने त्याला विरोध केला, तो मला समजू शकला नाही. आणि पक्षांकडे तरी त्या प्रती आहेत का? लाखभर केंद्रांच्या प्रती गोळा करून बेरीज मांडणारा एकही पक्ष महाराष्ट्रात दिसला नाही. कित्येक बूथवर सहाच्या ठोक्याला एजंट उठून गेलेला असतो आणि त्याची प्रत टेबलावर राहते.

मतदार यादीचेही तसेच. लोकसभा ते विधानसभा सुमारे ४० लाख नावे वाढली. वाढ योग्य की अयोग्य हे संगणकावर शोधता येईल अशी यादी दिली तर आठवड्यात कळेल. पानांचे फोटो देऊन कळणार नाही.

*

२० डिसेंबर २०२४ ला नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रातले सीसीटीव्ही चित्रण लोकांना पाहायला मिळण्याचा मार्ग बंद झाला. आयोगाच्या मे २०२५ च्या पत्राने ४५ दिवसांनंतर, याचिका नसेल तर, ते नष्ट करायला परवानगी. मतदार महिलांची गोपनीयता हे कारण आयोग देतो. पण उमेदवाराने याचिका ज्याच्या आधारावर करायची तेच त्याला याचिकेआधी दिसणार नाही.

*

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने मोजणी २१ तारखेला गेली. मधले दिवस यंत्रे स्ट्राँगरूममध्ये आणि बाहेर थंडीत शाली गुंडाळून कार्यकर्ते.

या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नव्हते. प्रभागातून एकाहून अधिक सदस्य निवडायचे, त्याला जुळणारे यंत्र नाही, हे राज्य निवडणूक आयोगाचे कारण. नगराध्यक्षाची लढत काही ठिकाणी मूठभर मतांची असते, वॉर्डातली तर चारपाच मतांचीही. तिथे हरलेल्याने फेरमोजणी मागितली तर मिळते काय? रिझल्ट बटण पुन्हा दाबून तोच आकडा पुन्हा. गल्लीतल्या गटाराचा, नळाच्या पाण्याचा कारभारी ज्या निवडणुकीतून ठरतो, तिच्यात मोजायला चिठ्ठीच छापली जात नाही. लोकसभेच्या यंत्रांवर भांडणाऱ्या एकाही मोठ्या पक्षाने हा प्रश्न जाहीरनाम्यात घेतलेला मला आढळला नाही. पुढच्या निवडणुकीआधी बहुसदस्य प्रभागाला चालेल असे व्हीव्हीपॅट बनवून घ्यायला वेळ आहे, आणि राज्य सरकारने त्यासाठी आताच पैसे बाजूला ठेवले पाहिजेत.